दहावीचा पहिला धडा: उत्क्रांती आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ यांच्या वादाचा आढावा

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एक वैदिक संमेलन भरले होते. केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याचे तेव्हाचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तिथे डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक असल्याचे जाहीर केले आणि शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमात तसा बदल व्हायला हवा, असेही सांगितले. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही, आपल्या पूर्वजांनी तसे कुठे लिहून वा सांगून ठेवलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आणि रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळे विधानाला वजन आले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढले. त्याच खात्याचे मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळायला सांगितले.

मंत्र्यांचे विधान मागे पडले, प्रश्न राहिला. करोनाकाळात मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला आणि साथ ओसरल्यावरही तो परत आला नाही. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. एप्रिल 2023 मध्ये 1800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पत्रावर सह्या करून याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच, असे उत्तर मिळाले. पण बारावीला जीवशास्त्र किती जण घेतात?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मुलांचे या बाबतीत नशीब चांगले. 2018 साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2’ या बालभारतीच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर यवतच्या पुढे लागणाऱ्या भांडगावासारख्या गावात तो धडा शिकणारी मुलगी पुढे कॉमर्सला जाईल, आयटीआय करेल, नर्सिंगला जाईल किंवा घरची शेती पाहील. बहुतेकींची उत्क्रांतीशी पहिली आणि शेवटची भेट तिथेच होते. म्हणून उत्क्रांती विरुद्ध ‘इंटेलिजंट डिझाइन’ हा अमेरिकेत जन्मलेला वाद आपल्याही दारातला आहे, आणि त्यातल्या दोन्ही बाजू काय म्हणतात हे मराठीत नीट मांडले गेले पाहिजे.

वादाची मुळे

सजीवांची रचना इतकी नेमकी आहे की तिच्यामागे कुणी कर्ता असलाच पाहिजे, हा विचार जुना आहे. इंग्लंडमधले धर्मोपदेशक विल्यम पेली यांनी 1802 मध्ये तो घड्याळाच्या दृष्टांताने मांडला. माळरानावर घड्याळ सापडले तर ते कुणीतरी घडवले असे आपण म्हणतो, मग डोळा कुणी घडवला? तरुण डार्विनने पेली वाचले होते आणि त्यांच्या मांडणीने तो प्रभावितही झाला होता. 1858 मध्ये डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस यांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे एकत्र वाचले गेले आणि 1859 मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. त्याने पेलींच्या प्रश्नाला दुसरे उत्तर दिले. पिढीतल्या जीवांमध्ये लहान-मोठे फरक असतात, त्यातले काही वारशाने पुढे जातात, आणि ज्यांच्या फरकांमुळे त्या परिस्थितीत टिकाव लागतो त्यांची संतती वाढते. असे लाखो पिढ्या चालले की योजना आखणारा कुणी नसतानाही नेमकी रचना उभी राहते.

अमेरिकेत डार्विनच्या विचाराला धर्माच्या अंगाने विरोध झाला. 1925 मध्ये टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. 1987 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांत उत्क्रांती शिकवली तर ‘सृष्टिनिर्मितीचे विज्ञान’ही शिकवण्याची सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा रद्द केला. त्यानंतर ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे नाव पुढे आले. या मांडणीत बायबलचे नाव नसते. निसर्गातल्या काही गोष्टी बुद्धिमान कर्त्याशिवाय घडू शकत नाहीत आणि हे विज्ञानाने दाखवता येते, एवढाच तिचा दावा. सिएटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट ही तिची मुख्य संस्था.

रचनापक्षाचे म्हणणे

इंटेलिजंट डिझाइन मानणाऱ्या या पक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडायची तर तीन मुद्दे घ्यावे लागतात. पहिला जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचा. 1996 च्या पुस्तकात त्यांनी म्हटले की काही यंत्रणांतला एक भाग काढला तरी सगळी यंत्रणा ठप्प होते. जिवाणूचे गरगर फिरणारे शेपूट, म्हणजे फ्लॅजेलम, हे त्यांचे आवडते उदाहरण. अर्धवट यंत्रणा निरुपयोगी असेल, तर ती पायरीपायरीने कशी घडेल? दुसरा मुद्दा गणितज्ञ विल्यम डेम्ब्स्की यांचा: योगायोगाने होण्याची शक्यता अत्यल्प आणि आकृतिबंध मात्र अर्थपूर्ण असेल, तिथे हेतू मानावा. तिसरा स्टीफन मायर यांचा: डीएनएमध्ये माहिती आहे आणि माहिती नेहमी बुद्धीतून येते, शिवाय सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कँब्रियन काळात प्राण्यांचे बहुतेक मोठे गट भूगर्भीय मानाने थोड्या अवधीत दिसू लागतात.

हे सगळे लोक पृथ्वी सहा हजार वर्षांची मानणारे नाहीत. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एकच होते, हे बीहींना मान्य आहे. निवडीने लहान बदल होतात हेही त्यांना मान्य आहे. मोठी, गुंतागुंतीची रचना निवडीने होत नाही, एवढे त्यांचे म्हणणे. म्हणून त्यांना हसण्यावारी न नेता पुराव्यानेच उत्तर दिले पाहिजे.

पुराव्याचे उत्तर

फ्लॅजेलमपासून सुरुवात करू. त्याच्या मुळाशी असलेल्या प्रथिनांचा एक संच अनेक रोगकारक जिवाणूंमध्ये वेगळ्याच कामाला लागलेला दिसतो. यजमानाच्या पेशीत विषारी प्रथिने टोचणारी सुई त्यापासून बनते. 1897 मध्ये पुण्यात थैमान घालणाऱ्या प्लेगच्या जिवाणूकडे अशीच सुई असते. सुई आधी की शेपूट आधी, यावर संशोधकांत चर्चा आहे. पण काही भाग नसले की उरलेले निकामी, हा दावा टिकत नाही. निसर्गात जुने भाग नव्या कामाला लागतात.

दुसरा पुरावा मोडक्या जनुकांचा. गाय, कुत्रा, शेळी आपल्या शरीरात क जीवनसत्त्व स्वतः बनवतात. आपल्याला ते पेरू-आवळ्यातून घ्यावे लागते, कारण ते बनवणारे एक जनुक आपल्यात बिघडलेल्या अवस्थेत पडून आहे. चिंपांझी, गोरिला आणि माकडे यांच्यातही ते बिघडलेलेच आहे. गिनीपिगमध्येही ते निकामी आहे, पण त्याचा बिघाड वेगळा. सामायिक पूर्वजात एकदा झालेला बिघाड वारशाने आला असे मानले की ही रांग आपोआप उलगडते. आपल्या गुणसूत्रांचेही तसेच. चिंपांझीला 48 गुणसूत्रे, आपल्याला 46. सामायिक पूर्वज होता तर दोन गुणसूत्रे कुठेतरी जोडली गेली असली पाहिजेत. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो सांधा सापडला आहे. एरवी फक्त टोकाला असणारे डीएनएचे तुकडे तिथे मधोमध आहेत.

तिसरा पुरावा दगडातला, आणि तो भारतातला आहे. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालणारे खूरवाले प्राणी होते, असे म्हटले की अनेकांना अशक्य वाटते. 1970 च्या दशकात अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी कच्छमधून प्राचीन देवमाशांचे जीवाश्म नोंदवले. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून गोळा केलेल्या दगडांत पुढे ‘इंडोहायस’ हा लहान हरणासारखा प्राणी मिळाला. तो सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या कानाच्या हाडाची घडण देवमाशांखेरीज फारशी कुठे दिसत नाही. 2007 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. कुणी होताना पाहिले नाही म्हणून घडले नाही, या युक्तिवादाचे उत्तर असे हाडात आणि जनुकात मिळते. सत्यपाल सिंह ज्या पोलीस खात्यातून आले, तिथेही साक्षीदार नसलेला गुन्हा मागे उरलेल्या खुणांवरूनच सिद्ध करतात.

न्यायालयात काय झाले

2004 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावाच्या शाळा मंडळाने नववीच्या वर्गात इंटेलिजंट डिझाइनची ओळख करून देणारे निवेदन वाचायचे ठरवले. 11 पालक न्यायालयात गेले आणि विज्ञान शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. 20 डिसेंबर 2005 रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी 139 पानांचा निकाल दिला: हे विज्ञान नाही आणि ते शिकवणे राज्यघटनेला धरून नाही. रचनापक्षाच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या मसुद्यांत ‘सृष्टिनिर्माता’ होता, 1987 च्या निकालानंतर त्याच वाक्यांत फक्त शब्द बदलले गेले, हेही सुनावणीत उघड झाले. बीहींची उलटतपासणी त्याहून बोलकी ठरली. विज्ञानाची त्यांची व्याख्या स्वीकारली तर फलज्योतिषही त्यात बसेल, हे त्यांना मान्य करावे लागले.

फलज्योतिषाचा उल्लेख आला की पुण्याची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना दिल्या. कोणती कुणाची ते ओळखायचे. 27 ज्योतिषांची उत्तरे आली. प्रत्येकाकडे 40 कुंडल्या होत्या आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी 46 टक्के निघाले, म्हणजे नाणे उडवल्यावर जेवढे यावे साधारण तेवढेच. 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हा अभ्यास आला. फलज्योतिष त्या चाचणीत नापास झाले, पण निदान ते परीक्षेला बसू शकले, कारण त्याचा दावा स्पष्ट होता. इंटेलिजंट डिझाइन तेवढेही करत नाही. कर्ता कोण, त्याने कधी, कशाने, काय केले, आणि कोणती गोष्ट सापडली तर आपण चुकलो असे मानू, यातले काहीच ते सांगत नाही. त्याची खरी अडचण इथे आहे. ईश्वराकडे बोट दाखवण्यात ती नाही.

असहमती कशी असते

उत्क्रांतीचे समर्थक प्रश्न विचारू देत नाहीत, अशी रचनापक्षाची तक्रार असते. त्याचेही उत्तर नारळीकरांच्या आयुष्यात आहे. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांना पृथ्वीवर आपोआप जीव निर्माण झाला हे पटत नव्हते. वादळाने भंगाराच्या ढिगातून बोइंग 747 विमान जुळून यावे, तशी ती शक्यता असल्याचे ते म्हणत, आणि रचनापक्ष आजही हे वाक्य वापरतो. जीवनाची बीजे अंतराळातून येत असावीत, असे हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे यांचे मत होते. नारळीकरांनी त्यावर भाषणे देऊन थांबणे पसंत केले नाही. इस्रोच्या मदतीने हैदराबादहून बलून सोडले गेले आणि 41 किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले गेले. ते हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात तपासले गेले. 2009 मध्ये तीन नव्या जिवाणू प्रजाती जाहीर झाल्या; त्यातल्या एकीला हॉइल यांचे नाव मिळाले. ते जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असे त्यातून सिद्ध झाले नाही, आणि तसा दावाही केला गेला नाही. प्रचलित मताशी असहमत असणारा शास्त्रज्ञ असा वागतो.

पहिला जीव कसा निर्माण झाला हा प्रश्न अजून सुटलेला नाही, हे खरेच आहे. उत्क्रांतीच्या आतही वाद आहेत. मोतो किमुरा यांनी 1968 मध्ये मांडले की रेणूंच्या पातळीवरचे बरेच बदल निवडीने नव्हे तर योगायोगाने टिकतात. आपल्या पेशीतली मायटोकाँड्रिया एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होती, हे लिन मार्ग्युलिस यांचे म्हणणे आधी नाकारले गेले आणि पुराव्यानंतर पाठ्यपुस्तकात आले. महाराष्ट्रातले उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचे. तिथल्या डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना गवताच्या सूक्ष्म खुणा सापडल्या. 2005 मध्ये ‘सायन्स’मध्ये हे आले, तोवर डायनासोरांच्या काळात गवते एवढी विविध नसावीत असा समज होता. शेणातल्या पुराव्याने तो बदलला, आणि ऊस, ज्वारी, भात ज्या कुळातले, त्याचा इतिहास मागे सरकला.

शिवारातला सिद्धांत

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांना उत्क्रांती शिकवायला परदेशी उदाहरणे लागतच नाहीत. विदर्भ-मराठवाड्याची बोंडअळी घ्या. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. एका जिवाणूच्या जनुकामुळे कपाशीतच अळीला मारणारे प्रथिन तयार होऊ लागले. 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. 2010 मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पुढे ती दुसऱ्यालाही जुमानेनाशी झाली, आणि 2017 च्या खरिपात महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यात हाहाकार उडाला. कीटकशास्त्रज्ञांनी पहिल्या प्रथिनाला दाद न देणाऱ्या अळ्यांची जनुके तपासली तेव्हा एकाच जनुकात वेगवेगळ्या ठिकाणी झालेले बिघाड सापडले. फरक, वारसा आणि निवड ही डार्विनची तीन पावले शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत पडली.

यावरचा उपायही उत्क्रांतीच्या सिद्धांतातूनच आला होता. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे पाकीट मिळत असे. ते कडेने पेरायचे, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगतात आणि प्रतिकाराचा गुण एकवटत नाही. हे कारण फार थोड्या लोकांना नीट समजावले गेले. पुष्कळांनी ते पाकीट बाजूला टाकले, हंगामानंतरही कपाशी उभी ठेवून, म्हणजे फरदड घेऊन, अळीला वर्षभर खाद्य पुरवले, आणि निवडीचा वेग वाढला. उत्क्रांती न शिकवल्याची किंमत अशी शेतात मोजावी लागते.

भांडगावाचा परिसर उसाचा. आजचा ऊस हाही वारसा आणि निवड यांचा दाखला आहे. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात बार्बर आणि व्यंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा संकर रानटी, काटक गवताशी केला आणि 1918 मध्ये ‘को 205’ हा वाण बाहेर पडला. ‘को’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाणांची परंपरा तिथून सुरू झाली. संकर जमला, कारण ऊस आणि ते गवत नात्यातले आहेत. शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेती, सातूचे दाणे आणि पाळीव गुरांची हाडे मिळाली. चांगले कणीस बियाण्याला ठेवायचे आणि चांगला वळू पैदाशीला, ही निवड या भागात तेव्हापासून चालत आली असावी. डार्विननेही आपला ग्रंथ पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पतींपासूनच सुरू केला.

नंदुरबार आणि गडचिरोलीच्या आदिवासी भागात आढळणारा सिकल सेल हा आनुवंशिक आजार असाच एक धडा आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक लहान बदल. तो एका पालकाकडून आला तर माणूस साधारण निरोगी राहतो आणि गंभीर मलेरियापासून त्याला संरक्षण मिळते. दोन्हीकडून आला तर आयुष्यभराचे दुखणे. अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून मलेरियाशी असलेले हे नाते दाखवले. निवड परिपूर्ण रचना करत नाही; त्या जागी, त्या काळात टिकाव लागेल एवढेच ती पाहते. हे समजले की आजारी मुलाच्या आई-बापांना कुणाचा शाप किंवा पाप शोधत बसावे लागत नाही.

श्रद्धेचे काय

मराठी घरांत उत्क्रांतीला थेट विरोध क्वचितच होतो. उलट ‘आपल्या दशावतारात हे आधीच सांगितले आहे’ असे अभिमानाने म्हटले जाते: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. हा क्रम मोहक आहे, पण उत्क्रांतीचा गाभा त्यात नाही. अवतार ही ईश्वराची वेगवेगळी रूपे आहेत. माशाच्या वंशातून कासव आणि कासवाच्या वंशातून वराह जन्मल्याचे पुराण सांगत नाही. त्या कथांना जीवशास्त्राचे ओझे वाहायला लावू नये. त्यांचे मोल वेगळे आहे.

महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त, 1873 साली, ब्रह्मदेवाच्या अवयवांतून वर्ण जन्मले या कथेची चिरफाड केली. तेच फुले ‘निर्मिक’ मानत होते, आणि त्याच्यापुढे सगळी माणसे समान मानत होते. निर्मिकावरची ती श्रद्धा समतेसाठी होती. जीवशास्त्राच्या पुस्तकात तिला जागा मिळावी, अशी तिची मागणी नव्हती. निर्मात्यावर विश्वास ठेवूनही पुराव्याला पुरावा म्हणता येते, हे फुल्यांच्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्राला जड जाऊ नये.

उत्क्रांतीतून वंशद्वेष जन्मला, हा रचनापक्षाचा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तिच्या नावाने तसा गैरवापर झाला आहे. पण तो मोडून काढणाऱ्यांत आपल्या इरावती कर्वे होत्या. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या आणि युरोपीय कवट्यांच्या वेगळेपणाचे फिशर यांचे गृहीतक मोजमापात उतरत नाही, असा निष्कर्ष लिहिला. चुकीच्या विज्ञानाला अधिक प्रामाणिक विज्ञानाने उत्तर मिळाले.

वर्गात काय व्हावे

इंटेलिजंट डिझाइनला विज्ञानाच्या तासात जागा नको, कारण त्याच्याकडे करून पाहण्यासारखा प्रयोग नाही. मुलांच्या प्रश्नांना मात्र पूर्ण जागा हवी. ‘सर, मग देवाने केले नाही का?’ असे एखाद्या मुलीने विचारले, तर तिला गप्प करू नये. देव आहे की नाही हे हा धडा ठरवत नाही. सजीव कसे बदलले याचा माग तो काढतो, एवढे सांगावे आणि पुढे तिच्याकडूनच पुरावा तपासून घ्यावा. बोंडअळीवर औषध का चालेनासे झाले, डॉक्टर क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडू नका असे का बजावतात, उसाचे नवे वाण कसे येतात, हे प्रश्न त्या धड्याच्या शेवटच्या स्वाध्यायात हवेत. राज्यघटनेच्या कलम 51-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून 1976 च्या घटनादुरुस्तीपासून लिहिलेले आहे. ते कर्तव्य पार पाडायला मुलांना साधन लागते. दहावीचा हा पहिला धडा ते साधन आहे. अभ्यासक्रम पुन्हा बदलेल तेव्हा महाराष्ट्राने तो दहावीतच ठेवावा, कारण अकरावीला विज्ञान न घेणारी मुले हीच उद्याची शेतकरी, परिचारिका, सरपंच आणि आई-वडील असणार आहेत, आणि फवारणी, औषधे, बियाणे यांचे रोजचे निर्णय त्यांच्याच हातात राहणार आहेत.